गल्ल्यावरचा ताण आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत स्टॉक नाही, जीएसटी नाही, उधारी वसुलीही नाही. व्हिडिओ दहा मिनिटांचा होता, त्यात सगळं बसलं नाही. म्हणून इथे नीट लिहितोय. विषय आहे दुकानदाराच्या डोक्यावरचा रोजचा ताण आणि तो उतरवायची एक फुकट जागा. पुण्यात राहत असाल तर ही जागा तुमच्या शटरपासून फार लांब नाही.

आधी माझं काय झालं ते सांगतो. थोडी लाज वाटते, पण लपवून शिकवता येत नाही.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट

आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान. वायर, स्विच, एमसीबी, पंखे, आणि सीझनला दिवाळीच्या माळा. दिवाळीआधीचे तीन आठवडे म्हणजे आमची वर्षाची परीक्षा. माळांचा माल उचलायला पैसे अडकलेले, जुनी उधारी यायची बाकी, वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न, त्यात गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून म्हणतं, "ऑनलाइन तर एवढ्यालाच दाखवतंय." रात्री दहाला शटर ओढायचं आणि झोप लागायला दोन वाजायचे.

आमच्याकडे बाबांच्या काळापासूनचा एक माणूस आहे. सगळे त्यांना मामा म्हणतात. कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात आहे हे कॉम्प्युटरच्या आधी मामा सांगणार. त्या दिवशी एका कॉन्ट्रॅक्टरच्या साइटवर अडीच एमएमच्या वायरऐवजी दीड एमएमची बंडलं गेली. कॉन्ट्रॅक्टर दुकानात येऊन मोठ्याने बोलला. तो गेल्यावर मी मामांवर ओरडलो. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. शेवटी म्हटलं, "जमत नसेल तर घरी बसा."

मामा काही बोलले नाहीत. खिशातून किल्ल्या काढल्या, काउंटरवर ठेवल्या, चप्पल घातली आणि गेले.

संध्याकाळी डोकं ठणकत होतं म्हणून शेजारच्या डॉक्टरांकडे गेलो. बीपी १४८/९६ निघालं. माझं वय तेव्हा चौतीस. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर रोज मोजा, मीठ कमी करा, चालायला लागा. गोळीचं नंतर बघू." मी मनात म्हटलं, दिवाळीत चालायला वेळ कुणाला आहे!

मालकाला सुट्टी कोण देणार?

इथे थोडं धंद्याचं बोलू. आपल्याकडे २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला आणि दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची मोकळीक मिळाली. अट अशी की कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळालीच पाहिजे. कायदा चांगलाच आहे. पण मालकाला सुट्टी कोण देणार? तुमच्या ताणाचं इन्स्पेक्शन करायला कुणी येत नाही.

पुण्याच्या दुकानदारांच्या एक ते चार बंद ठेवण्यावर लोकांनी कितीतरी विनोद केले. मीसुद्धा हसायचो. आता वाटतं, जुनी माणसं काही मूर्ख नव्हती. दुपारी घरी जेवायचं, थोडं आडवं व्हायचं, चारला ताज्या डोळ्यांनी गल्ल्यावर बसायचं. आपण ती दुपार विकून टाकली आणि तिच्या बदल्यात दुसरी कुठली वेळ स्वतःसाठी ठेवलीच नाही.

नोकरदाराचा ताण ऑफिसात राहतो असं मी म्हणत नाही, पण दुकानदाराचा ताण वेगळा असतो एवढं नक्की. आपण दिवसभर एका जागी उभे असतो, डोक्यावर ट्यूबलाइट, समोर रस्त्याचा हॉर्न, आणि प्रत्येक माणसाशी हसून बोलायचं. राग आला तरी तो दाबायचा. दाबलेला राग मग चुकीच्या माणसावर निघतो. माझा मामांवर निघाला.

"उद्या सहाला तयार राहा"

बाबा आता दुकानात कमी येतात. पण पर्वती कधी चुकवत नाहीत. त्या रात्री जेवताना त्यांनी मामांबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त म्हणाले, "उद्या सहाला तयार राहा."

"बाबा, मला आठ वाजता माल उतरवायचाय."

"माल आठला येणार ना? मग सात वाजता तू घरी असशील. ऊठ सरळ."

पर्वती पुणेकराला नव्याने सांगायला नको. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, १७४९ चं देवदेवेश्वराचं मंदिर, आणि वर जायला १०३ दगडी पायऱ्या. पायऱ्या रुंद आणि पसरट आहेत. हत्ती चढावेत म्हणून तशा बांधल्या असं म्हणतात. पहिल्या दिवशी मी चाळीसाव्या पायरीवर कठड्याला टेकलो. बाबा सत्तरीला आलेले, ते पुढे. मागे वळून त्यांनी पाहिलंही नाही.

वर पोचलो तेव्हा उजाडत होतं. खाली सगळं पुणं धुरकट, दिवे अजून लागलेले. माझं दुकान कुठे असेल ते मी शोधत होतो. सापडलं नाही. एवढं मोठं वाटणारं माझं दुकान आणि त्याची सगळी उधारी त्या पसाऱ्यात कुठेतरी ठिपक्याएवढीही दिसत नव्हती.

बाबा म्हणाले, "तुझे आजोबा इथंच बसले होते."

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, पण नुसती ऐकली होती. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं आणि पाणी पेठांमध्ये घुसलं. आजोबांचं छोटं दुकान नदीच्या अंगाला होतं. ते आजीला आणि लहानग्या बाबांना घेऊन पर्वतीकडे पळाले. पाणी ओसरल्यावर दुकानाच्या जागी चिखल होता. बाबा म्हणाले, "तो माणूस महिनाभर रोज इथं यायचा. मी विचारलं होतं त्यांना मोठेपणी, कशाला यायचात म्हणून. म्हणाले, वर आलं की वाटायचं, आपण अजून आहोत. मग खाली जाऊन कामाला लागायचो."

मी काही बोललो नाही. माझं तर दुकान जागेवर होतं.

शरीरात नक्की काय होतं?

आता थोडं ज्ञान. नुसत्या भावनेवर धंदा चालत नाही, व्यायामही चालत नाही.

ताण आला की शरीर समजतं, संकट आलंय. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही हार्मोन्स वाढतात, हृदय जोरात चालतं, स्नायू आखडतात. शरीर पळायची किंवा भांडायची तयारी करतं. वाघ आला तर हे उपयोगी. पण वाघ नाही, डिस्ट्रिब्युटरचा फोन आलाय. आपण पळत नाही, खुर्चीतच बसून राहतो. तयारी झाली, काम झालंच नाही. चालताना, चढताना पायांचे मोठे स्नायू काम करतात आणि ती अडकलेली तयारी वापरली जाते. श्वास खोल होतो, आणि नंतर शरीर आपोआप खालच्या गिअरमध्ये येतं.

मग जिममध्ये ट्रेडमिलवर चाललं तर? चालेल की. व्यायाम तो व्यायामच. पण झाडांमधल्या चालण्याचा थोडा वेगळा फायदा दिसलाय.

२०१५ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही लोकांना ९० मिनिटं चालायला पाठवलं. निम्मे झाडा-गवतातून, निम्मे गर्दीच्या रस्त्याकडेने. झाडांमधून आलेल्यांचं तेच तेच वाईट विचार घोळवत बसणं कमी झालेलं दिसलं. रस्त्याकडेने चाललेल्यांचं तसं झालं नाही. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासात दिसलं की निसर्गात २० ते ३० मिनिटं घालवली की कॉर्टिसोल सगळ्यात वेगाने उतरतं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून असं आढळलं की आठवड्याला एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन ठीक असल्याचं जास्त सांगतात. ती १२० मिनिटं एकदम असोत की तुकड्या-तुकड्यांत, फरक पडत नाही. यावरून निसर्गामुळेच सगळं झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, ठणठणीत माणूसच जास्त बाहेर पडतो असंही असेल. पण सगळ्याची दिशा एकच आहे.

जपानमध्ये तर सरकारच्या वनखात्याने १९८२ मध्येच यासाठी शब्द काढला, शिनरिन-योकू, म्हणजे वनस्नान. घाई न करता जंगलात हिंडायचं, बघायचं, ऐकायचं. आपल्याकडे शब्द नव्हता, पण टेकडीवर जाणारे आजोबा होते.

आता हिशोब करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोज ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे २०० मिनिटं झाली. व्यायामही बसला आणि निसर्गाची १२० मिनिटंही बसली. गुंतवणूक एक बरे बूट. इतका स्वस्त सौदा तुम्हाला होलसेल बाजारात मिळणार नाही.

चौथ्या दिवशी काय आठवलं

पहिले तीन दिवस मी वर जाऊन फोनच बघत होतो, खरं सांगतो. चौथ्या दिवशी बाबांनी फोन घरी ठेवायला लावला. त्या दिवशी सत्तर-ऐंशी पायऱ्यांवर, दम लागलेला असताना, डोक्यात काहीच नसताना, एकदम ती वायरची चिठ्ठी डोळ्यांसमोर आली. कॉन्ट्रॅक्टरची ऑर्डर माझ्या फोनवर आली होती. ती चिठ्ठीवर उतरवली होती मी. दुसऱ्या फोनवर बोलता बोलता. आणि मी लिहिलं होतं दीड.

मामांनी चिठ्ठीप्रमाणे माल पाठवला होता.

दुकानात गेलो, गोडाउनमधल्या खिळ्याला अडकवलेल्या चिठ्ठ्या काढल्या. माझंच अक्षर, "१.५". चार दिवस मी माझ्या चुकीसाठी दुसऱ्याला गुन्हेगार ठरवत होतो, आणि ताणात असल्यामुळे ते तपासायचं सुचलंही नाही.

संध्याकाळी मामांच्या घरी गेलो. चिठ्ठी दाखवली. म्हटलं, "मामा, चूक माझी होती. आणि तुमची असती तरी मी तसं बोलायला नको होतं." त्यांनी चिठ्ठी बघितली, परत दिली. म्हणाले, "दादा, मला त्याच दिवशी माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ऐकायच्या मनःस्थितीत होता का?"

मामा लगेच परत आले नाहीत. दिवाळी आम्ही त्यांच्याशिवाय काढली आणि ती किती महाग पडली ते मलाच माहीत. तुळशीच्या लग्नानंतर आले, पण स्वतःची अट घालून. संध्याकाळी सातनंतर थांबणार नाही. मी हो म्हटलं. आता साइटची प्रत्येक ऑर्डर गिऱ्हाइकाच्या मेसेजवरूनच काढतो, चिठ्ठीवर नाही.

सुरुवात कशी करायची?

ही माझी पद्धत. तुमच्या वेळेप्रमाणे बदला.

१. वेळ ठरवा, मूडवर सोडू नका. दुकान उघडायच्या वेळेतून दोन तास मागे जा, ती तुमची वेळ. दुकान जसं मूड बघून उघडत नाही, तसंच हे.

२. पहिले दोन आठवडे फक्त २० मिनिटं. चढ नसला तरी चालेल. सारसबागेच्या झाडांखाली फिरलात तरी सुरुवात झाली.

३. बोलून बघा. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग बरोबर. बोलताही येत नसेल तर कमी करा.

४. फोन घरी किंवा सायलेंटवर खिशात. वर जाऊन व्यवहाराचे मेसेज बघणार असाल तर दुकानातच बसा, पायऱ्या कशाला चढताय?

५. वर पाच मिनिटं नुसतं बसा. घाईने खाली पळू नका. खरा फायदा या पाच मिनिटांत आहे.

६. खाली आल्यावर एक ओळ लिहा. वहीत, आज काय सुचलं ते. माझी अशी वही भरत आलीय. अर्ध्या ओळी निरुपयोगी आहेत, पण उरलेल्या अर्ध्यांनी माझे पैसे वाचवलेत.

कुठे जायचं?

स्वारगेट, सहकारनगर, पर्वती भागातल्यांना पर्वती आणि तळजाई. तळजाईवर चढ सौम्य आहे, गुडघे कुरकुरत असतील तर तिथे जा. कोथरूड, एरंडवणे, सेनापती बापट रस्ता इथल्यांना वेताळ टेकडी. शहरातली ही सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. जुनी दगडाची खाण आहे, पहाटे मोरांचा आवाज येतो. डेक्कन आणि फर्ग्युसन रस्त्याजवळच्यांना कॉलेजमागची हनुमान टेकडी. पाषाण-बाणेरकडे टेकडीही आहे आणि पाषाणचा तलावही. चढायचं नसेल तर तलावाकाठी चाला, हिवाळ्यात पक्षी बघा.

आणि महिन्यातून एखाद्या सुट्टीला सिंहगड. गाडीने नाही, आतकरवाडीतून पायी. दर आठवड्याला चढणारे पुणेकर तिथे भेटतील. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही आहेच. फक्त गड चढून जेवढं कमावलं तेवढं भज्यांत घालवू नका!

मी केलेल्या चुका, तुम्ही करू नका

पहिल्या पावसात जुने गुळगुळीत बूट घालून गेलो आणि घसरलो. पावसाळ्यात दगडावर शेवाळ असतं, तळव्याला पकड असलेलेच बूट हवेत. उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो, म्हणून सावकाश उतरा. उन्हाळ्यात आठच्या आत खाली या, पाण्याची बाटली ठेवा. टेकडीवर अंधारात एकट्याने जाऊ नका, एखादा जोडीदार बघा. शेजारचा दुकानदार उत्तम. आमच्या लाइनमधले तिघे जण आता एकत्र जातो. पूर्वी गिऱ्हाइकावरून एकमेकांकडे बघत नव्हतो.

बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल, छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि चालायला लागलो म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

धंद्यात फरक पडला का?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. सरळ उत्तर देतो. टेकडीमुळे माझा गल्ला दुप्पट झाला नाही. ऑनलाइनवाले गेले नाहीत, उधारी तशीच मागावी लागते. बीपी आता बरंच आटोक्यात आहे, पण मीठही कमी केलंय आणि झोपही वाढलीय, सगळं श्रेय पर्वतीला देणार नाही.

बदललं ते निर्णय घेणं. मागच्या वर्षी कर्ज काढून दुसरं दुकान टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. जागा आवडली होती, एजंट घाई करत होता. वहीत मी सलग आठ दिवस एकच ओळ लिहिलेली सापडली, "तिथे बसणार कोण?" उत्तर नव्हतं. मी थांबलो. चुकलो की बरोबर, ते अजून माहीत नाही. पण घाबरून किंवा हावेने ठरवलं नाही, एवढं नक्की.

टेकडी राहिली तर

वेताळ टेकडीतून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्यांविरुद्ध २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने बाहेर पडले होते. दुकानदार म्हणून मला ट्रॅफिक कळतं. माझा टेम्पो रोज अडकतो. पण रस्ता दुसरीकडून काढायचा विचार करता येतो, टेकडी दुसरीकडे बांधता येत नाही. तुम्ही तुमचं मत ठरवा. फक्त टेकडी एकदा पायाने चालून बघा आणि मग ठरवा. आणि जाल तेव्हा पाण्याची रिकामी बाटली खाली घेऊन या, उन्हाळ्यात वाळल्या गवताजवळ बिडी-सिगारेट तर अजिबात नको.

चालून भागत नसेल तर

शेवटचं आणि महत्त्वाचं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतंय, असं असेल तर टेकडी पुरेशी नाही. घरच्यांशी बोला, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. मोटार जळली तर आपण वाइंडिंगवाल्याकडे देतोच ना? मग स्वतःच्या बाबतीत लाज कसली.

या आठवड्याचं होमवर्क

उद्यापासून सात दिवसांत तीनदा, २० मिनिटं, झाडं असलेल्या जागी, फोनशिवाय. आल्यावर वहीत एक ओळ. पुढच्या रविवारी त्या तीन ओळी सलग वाचा. काय सापडलं ते व्हिडिओखाली लिहा, मी सगळ्या कमेंट वाचतो.

आणि तुमच्या दुकानात कुणी मामा असतील, आणि मागच्या महिन्यात तुम्ही त्यांच्यावर ओरडला असाल, तर आधी चिठ्ठी शोधा.

भेटू पुढच्या आठवड्यात. विषय: उधारीची वही कशी ठेवायची. पण तो व्हिडिओ संध्याकाळी बघा, सकाळी फिरायला जा!